पोचा

फोटो काढणे म्हणजे एक कळ दाबणे, अशी माझी आजवर समजूत होती. ‘हं, हसा,’ म्हणायचे, ‘खट्’ असा आवाज व्हायचा, की झाले! परंतु गेल्या मार्गशीर्षात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ती समजूत पार मोडून टाकली.

शाळेत असताना हा पोरगा वहीच्या मागच्या पानावर मोटारी काढीत असे आणि मी त्याचे कान उपटीत असे. आज तो पुण्याला मोटारींचेच फोटो काढून पोट भरतो! वडिलांच्या वेळची आमची काळी प्रीमियर पद्मिनी विकायची ठरली, हे कळताच तो आपण होऊन आला. “गुरुजी, गिऱ्हाइकाला दाखवायला फोटो मी काढतो,” म्हणाला.

मला वाटले, पाच मिनिटांचे काम. पठ्ठ्याने रात्रीचे नऊ वाजवले!

सूर्य बुडता बुडता त्याने गाडीच्या डाव्या अंगाला तिपाई रोवली, तीवर कॅमेरा घट्ट बसवला आणि आम्हा सर्वांना ताकीद दिली, “तिपाई केसभर हलली तरी सगळी मेहनत फुकट.” पहिला फोटो संधिप्रकाशातला, त्यात आकाश आणि घर. मग काळोख पडल्यावर काळा सदरा घालून, हातात लांबट दिवा घेऊन तो गाडीभोवती फिरू लागला. एका फोटोसाठी नुसते टप उजळायचे, दुसऱ्यासाठी बॉनेट, तिसऱ्यासाठी चाके. काळी मोटार म्हणजे चाकांवरचा आरसाच. एकाच दिव्याने ती सगळी उजळू पाहावे तर गाडीऐवजी दिव्याचेच प्रतिबिंब दिसते. बाकीचे फोटो तो दहा-दहा सेकंद घेत होता. पुढचे दिवे लावून घेतलेला मात्र क्षणार्धात. नाहीतर म्हणे दिव्यांच्या जागी दोन पांढरी भगदाडे दिसली असती!

असे २१ फोटो झाले. ओसरीवर बसून त्याने ते संगणकात एकावर एक रचले. प्रत्येक ठिकाणी ज्या फोटोत उजेड अधिक, त्याचाच तेवढा भाग वर येई. जिथे हातातला दिवा डोकावे, तिथे काळा कुंचला फिरवून तो त्याला झाकून टाकी. पाहता पाहता आमची थकलेली पद्मिनी नव्या नवरीसारखी झळकू लागली.

“अरे, पण गाडी अशी कोणत्याच क्षणी दिसली नव्हती!” मी म्हणालो.

“नव्हती. पण यातला प्रत्येक तुकडा खरा आहे, गुरुजी.”

युक्ती तशी जुनीच. पूर्वीच्या काचा निळ्या उजेडाला फार लवकर भुलत. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक होई. म्हणून फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५७ च्या सुमारास समुद्र एका काचेवर, आकाश दुसऱ्या काचेवर घेऊन दोन्ही एका कागदावर जुळवली. १८५८ साली इंग्लंडात हेन्री पीच रॉबिन्सनने पाच काचा जोडून एका मरणोन्मुख मुलीचे चित्र केले. पाहणारे हळहळले, कुणी रागावलेही. मुलगी मात्र चांगली धडधाकट होती! पण मी कोणत्या तोंडाने हसू? एकीचे नाक, दुसरीची जीभ आणि तिसरीचे दुःख जोडून नायिका करणारा मी कादंबरीकार!

इतक्यात आई चष्मा पुसत आली. फोटो तिने बराच वेळ न्याहाळला.

“गाडी आपलीच. पण पोचा कुठे गेला?”

“मागच्या दरवाजावर दिवा धरलाच नाही, आजी. वाईट दिसलं असतं.”

मी गप्प बसलो. पंधरा वर्षांचा असताना, वडील दुपारचे झोपले आहेत असे पाहून मी किल्ली पळवली होती आणि फाटकाच्या दगडी खांबावर गाडी घासली होती. वडिलांनी खांब पाहिला, दरवाजा पाहिला, मला पाहिले. संध्याकाळी आईला म्हणाले, “आज माझा हात चुकला.” पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. आज ते नाहीत. माझ्या कादंबऱ्यांत किती बाप येऊन गेले. पण त्या जागेवर मी कधी दिवा धरला नाही.

“आई, तो पोचा बाबांनी नव्हता पाडला.”

“त्यांचा हात कधी चुकला होता रे?” आई म्हणाली. “तू त्या रात्री जेवला नव्हतास.”

पोराने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा अंगणाकडे. “गुरुजी, तिपाई अजून हलवलेली नाही.” त्याने दिवा माझ्या हातात दिला. दहा सेकंद मी तो पोच्यावर धरून उभा राहिलो. बाविसावा फोटो झाला.

गिऱ्हाईक चोखंदळ निघाले. पोच्यावर बोट ठेवून त्याने पाच हजार कमी केले. मी घासाघीस केली नाही. ते देणे माझ्याकडे फार दिवसांचे होते.