पाणी जातंय कुठं?

बैलाला बरं नसलं की तो चारा सोडतो, मान खाली घालून उभा राहतो. जित्राबाचं दुखणं धन्याला डोळ्यांनी कळतं. यंत्राला तसं तोंड नाही. काम करता करता ते एकदम बसकण मारतं, आणि तेही नेमकं पेरणीच्या तोंडावर. म्हणून घरात जुनं यंत्र असेल, तर त्याचं दुखणं ओळखायची सवय घरातल्या सगळ्यांनाच असावी.

आमचा ट्रॅक्टर २००२ सालचा. मराठवाड्यातल्या काळ्या रानात त्यानं वीस वर्षांवर नांगरट केली. २०२३ चा ऑगस्ट आमच्याकडं कोरडा गेला आणि सोयाबीन निम्म्यावर आलं. सप्टेंबरच्या पावसानं जमिनीत थोडी ओल धरली होती. ती उडायच्या आत हरभरा पेरायचा, एवढीच आशा उरली होती. आणि नेमकं त्याच आठवड्यात रेडिएटरचं पाणी कमी होऊ लागलं. रोज सकाळी थोरला मुलगा झाकण काढून बघायचा, तर लिटरभर पाणी गेलेलं. खाली मात्र थेंब नाही. रबरी नळ्या कोरड्या, रेडिएटरची जाळी कोरडी.

तालुक्याहून मिस्त्री बोलावला. त्यानं एक चक्कर मारली आणि म्हणाला, "काका, बाहेर गळत नाही म्हणजे पाणी इंजिनातच जळतंय. हेड उतरवावं लागंल. तीस हजार धरा, आठ दिवस लागतील."

तीस हजार घरात होते, पण ते मुलीच्या वसतिगृहाच्या फीचे. आणि आठ दिवसांनी रानात ओल राहिली नसती. "उद्या सांगतो," म्हणून मी त्याला चहा पाजून पाठवलं.

रात्री जेवताना हाच विषय निघाला. आमची मंडळी भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, पाणी जातंय म्हणजे कुठंतरी ओल असायलाच पाहिजे. रांजण मातीवर ठेवला तर पाझर कळतच नाही, माती पिऊन टाकती. ट्रॅक्टरबी मातीवरच उभा असतो की."

बोलणं साधं होतं, पण पटलं. आधी बिनखर्चाची तपासणी करायची आणि मगच इंजिनाला हात लावू द्यायचा, असं ठरलं.

पहिल्यांदा हेडचा संशय पाहिला. इंजिन थंड असताना ऑइलची कांडी काढली. ऑइलात पाणी मिसळलं तर ते दुधाळ, पिवळट दिसतं. आमचं काळंच होतं. मग रेडिएटरचं झाकण काढून ठेवलं आणि थंड इंजिन चालू करून पाण्यात पाहिलं. गॅस्केट फुटलं असेल तर पाण्यात सारखे बुडबुडे येत राहतात. तेही नव्हते. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघत नव्हती. म्हणजे लगेच हेड उतरवावं असा पुरावा काही सापडला नाही.

मग झाकणाची पाळी. झाकणाचं रबर गेलं तर पाणी वरच्या बारीक नळीनं निसटतं आणि रानात पडून जातं. मुलानं त्या नळीच्या तोंडाला रिकामी बाटली बांधली. दिवसभराच्या कामानंतरही बाटली कोरडीच.

संध्याकाळी खताची रिकामी प्लास्टिकची पोती उसवून अंथरली आणि ट्रॅक्टर त्यांवर उभा केला. पहाटे, चालू करायच्या आत, बॅटरी घेऊन गेलो. पुढच्या बाजूला, पंख्याच्या मागं, तळहाताएवढी ओल होती! वर पाहिलं तर काहीच दिसेना. मंडळीनं घरातला छोटा आरसा आणून दिला. तो आत धरून बॅटरी मारली, तेव्हा पाण्याच्या पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक दिसलं. भोकापासून खाली वाळलेल्या कूलंटचा हिरवट-पांढरा ओघळ, आणि टोकाला एक थेंब.

हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाचं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावं, म्हणून. ट्रॅक्टर चालू असताना पंख्याच्या वाऱ्यानं ते थेंब तापलेल्या इंजिनावर उडत आणि वाळून जात. बंद झाल्यावर पडणारे थोडे थेंब माती पिऊन टाके. मग पाणी दिसणार कुठून?

मिस्त्रीला आरसा दाखवला. तो भला माणूस. हसून म्हणाला, "काकूंनी माझं आठ दिवसांचं काम अर्ध्या दिवसावर आणलं." सील, बेअरिंग आणि मजुरी धरून दोन हजारांच्या आत भागलं. दुसऱ्या दिवशी तिफण जोडली आणि हरभरा ओलीवर पडला. फीचे पैसेही वेळेवर भरले गेले. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं होता होता राहिलं.

शेतकरी बंधुभगिनींनो, तुमच्याकडंही जुना ट्रॅक्टर, जीप किंवा पाण्यावर थंड होणारं इंजिन असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. पाणी कमी झालं की नुसतं भरून गप्प बसू नका. किती भरलं ते वहीत मांडा. गळती शोधायची ती पहाटे, इंजिन थंड असताना. वाळलेला डाग हीच तिची खूण. स्वस्तातली तपासणी आधी करा, खर्चाची शेवटी.

गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत कुकरसारखा दाब असतो. उकळतं पाणी तोंडावर उडून माणूस भाजतो. विहिरीचं जड पाणी भरत राहिलं की आत क्षारांचा थर बसतो. म्हणून चांगलं पाणी आणि कूलंट ठरल्या मापानं मिसळूनच घाला.

आणि सर्वांत महत्त्वाचं : बहुतेक कूलंट चवीला गोड पण विषारी असतं. सांडलेलं कुत्र्यानं, वासरानं चाटलं तर जीव जातो. सांडलेलं लगेच पुसून घ्या, डबा झाकून उंचावर ठेवा, आणि त्या रिकाम्या डब्यात घरातलं पाणी किंवा तेल कधी भरू नका.