पुढच्यासाठी राखलेलं लोखंड

आमची फियाट ११०० डिलाइट १९६८ ची, कुर्ल्यात घडलेली. मूळ बोअर ६८ मिलिमीटर. चारही सिलिंडर झिजून लंबगोल झालेले. मिस्त्री म्हणाले, "सर, एक मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घाला, गाडी पळेल." मी हिशेब मांडला. १०८९ सीसीचे ११२२ होतात, म्हणजे जेमतेम तीन टक्के वाढ! ओरखडे तर अर्ध्या मिलिमीटरमध्येच निघत होते. मग तेच पिस्टन आणले, मोजले आणि त्या मापानं बोअर मारून घेतला. कापलेलं लोखंड परत येत नाही, मंडळी. भिंत फार पातळ झाली की स्लीव्ह बसवावी लागते. माझ्या उरलेल्या वर्षांना दोन्ही पिस्टन पुरले असते. पण गाडी पुढे नात चालवणार आहे. तिच्या वेळच्या रिबोअरला जागा राहायला हवी.