जातं शाळेत आलं हो!

ऐका ना! आधी बसा. नको, बसू नका, उभ्या उभ्याच ऐका, मलाही बसवत नाहीये!

मी शिरूर तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवतो. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. लोकसाहित्याचा अभ्यास शून्य. मोबाइल अडला की पोरांकडेच देतो. आणि दळणाशी माझा आजवरचा संबंध म्हणजे सकाळी गिरणीत डबा ठेवायचा आणि संध्याकाळी आणायचा! तरी गेले अकरा दिवस मी भेटेल त्याला पकडून जात्यावरच्या ओव्यांबद्दल सांगत सुटलोय. बायको आता मी तोंड उघडलं की कुकर लावायला जाते. म्हणून तुम्ही सापडलात!

झालं असं की रात्री मोबाइलवर महागाई भत्त्याचं काहीतरी शोधत होतो (खोटं कशाला बोलू!) आणि बोट भलतीकडेच पडलं. घरघर, घरघर! वाटलं, स्पीकर गेला. मग लक्षात आलं, अहो, हे जातं फिरतंय! आणि त्या घरघरीतून एका बाईचा आवाज वर आला, आणि मग दुसरीने तो उचलला, आणि मग मी अंथरुणात उठून बसलो, आणि मग वाजले किती तर पावणेदोन!

'पारी' नावाचा ग्रामीण भारताचा एक खजिना इंटरनेटवर आहे, तिथे २०१७पासून या ओव्या टाकतायत. पण गोळा केल्या कुणी? हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात राहून इथलेच झालेले गी पॉइटवाँ यांनी, गावोगावच्या बायकांना सोबत घेऊन. किती, सांगा बरं? एक लाखाहून जास्त! हजाराहून जास्त गावांतून! चौथीला गणित घातलं, रोज दहा वाचल्या तर किती दिवस? पोरांनी फळ्यावर भागाकार केला. सत्तावीस वर्षं! माझी नोकरी तेवढी उरलेलीच नाही!

आणि गंमत ऐका. ओवी म्हणणारीचं नाव आहे. तिचं गाव आहे. तालुका आहे! एका पोरीने यादीत 'सविंदणे' वाचलं आणि किंचाळलीच, "सर, हे तर आपल्या तालुक्यातलं!" बास! वर्गात दंगा! जिल्ह्याचा नकाशा आजवर मी काठी घेऊन शिकवला, त्या दिवशी पोरं स्वतःहून नकाशावर चढली. शब्दशः चढली, एक कोपरा फाटलासुद्धा.

मग मी गृहपाठ दिला. घरी जा, आजीला विचारा, ओवी येते का, आली तर मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा.

दुसऱ्या दिवशी एकही ओवी नाही! सगळ्या आज्यांचं उत्तर एकच, "आता कुठलं आठवतंय बाबा." मी पार खचलो. तेवढ्यात एका पोराची आजी त्याला डबा द्यायला आली आणि दारातूनच म्हणाली, "आवं गुरुजी, हात फिरल्याबिगर ओवी येत न्हाई. जातं कुठंय?"

हात फिरल्याबिगर ओवी येत नाही! हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! मी मूर्खासारखा खुर्चीवर बसलेल्या बायकांकडून गाणं मागत होतो!

जातं निघालं त्याच आजींच्या परसात. कोंबड्या बसायच्या त्यावर. धुतलं, खुंटा नवा ठोकला, आणि मग वरची तळी एका खेपेत आणि खालची दुसऱ्या खेपेत, दोन्ही माझ्या मोटरसायकलवरून, मागे बसलेल्या पोराच्या मांडीवर पोतं टाकून! शाळेच्या व्हरांड्यात मांडलं. आजींनी बाजरीची मूठ घातली, एक फेरा, दोन फेरे, आणि तिसऱ्या फेऱ्याला, शपथ सांगतो, तोंडातून ओवी अशी आली जशी पिठाबरोबरच पडली! "कुठलं आठवतंय" म्हणणारी बाई चाळीस मिनिटं थांबली नाही. फोन भिंतीला टेकवून ठेवला होता. रेकॉर्डिंगमध्ये मध्येच कोंबडा आरवतो, आणि तो बरोब्बर ठेक्यात आरवतो!

मीही फिरवून पाहिलं. पाच मिनिटांत दंडाचा पार चोथा. पडलं ते पीठ नव्हे, भरडा. आजी म्हणाल्या, "म्हशीला घाला."

आता पुढचं ऐका, संपलं नाही अजून! पोरांनी वीस ओव्या उतरवून घेतल्या आणि कुणाचं नाव किती वेळा येतं ते मोजलं. खडूने स्तंभालेख काढला. भाऊ सगळ्यात उंच! मग आई, मग लेक, मग पंढरीचा विठ्ठल. नवरा? एक! एका पोराने हात वर केला, "सर, आजोबांना हे दाखवायचं का?" मी म्हटलं, नको रे बाबा. आणि ओव्यांत या बायका जात्याला देव म्हणतात, सखी म्हणतात, पहाटे त्याच्याशीच बोलतात. एका पोरीने विचारलं, "मग त्यांचं दुसरं कुणी ऐकत नव्हतं का?" मला उत्तर आलं नाही. अजूनही येत नाही.

पाठ्यपुस्तकात बहिणाबाई मी दरवर्षी शिकवतो. लिहिता-वाचता न येणारी, काम करता करता गाणं रचणारी बाई, पोरांना हे पाठ करायला लावतो. इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही की तुमच्या घरात अशी कुणी आहे का! थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पुस्तकातल्या धड्याला तो ठिपक्याठिपक्यांचा चौकोन असतो ना, फोन धरला की धडा उघडतो? पोरं म्हणाली, आज्यांना पण असले करू! मला येत नव्हते, त्यांना आले! आता व्हरांड्याच्या भिंतीवर सात चौकोन आहेत. फोन धरा, आजी गाते! पोस्टमन रोज एक ऐकून जातो. आणि पोरांची भाषा ऐकाल तर, मागच्या आठवड्यापर्यंत 'वैरण' म्हणजे फक्त गुरांची होती, आता जात्यात घालायची मूठ पण वैरण, 'दळण सरलं' म्हणजे काय तेही आठ वर्षांची पोर मला समजावते!

थांबा, फोन वाजला. वर्गाच्या ग्रुपवर व्हॉइस नोट. बारा मिनिटांची! ही तर वर्गातल्या एका पोराची पणजी असणार, जी 'आता न्हाई जमत' म्हणून दार लावून घ्यायची! तुमचा इअरफोन द्या इकडे, एक कान तुमचा, एक माझा, चला!