रेंज गेली, आता?

बालमित्रांनो, अकोले तालुक्यातलं रतनवाडी ठाऊक आहे ना? भंडारदरा धरणाच्या पाण्याकाठचं, रतनगडाच्या पायथ्याचं गाव. भाचीला घेऊन तिकडे निघालो, तर शेंडी मागे पडलं आणि मोबाइलची रेंज गुल!

"मामा, आई काळजी करेल ना?" तिचा चेहरा रडवेला झाला.

असं का होतं बरं? मोबाइलच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. टॉवर आणि आपल्यामध्ये डोंगर आला, की त्या अडल्याच! म्हणून तर २०२० साली शाळा बंद असताना डोंगराळ गावांतली कितीतरी मुलं मोबाइलवरच्या अभ्यासासाठी टेकडीवर जाऊन बसत.

जीपीएसला मात्र डेटा लागत नाही, बरं का! उपग्रहांचे संकेत थेट आकाशातून येतात. नकाशा तेवढा घरूनच उतरवून घ्यायचा.

"अगं, आईला सांगून आलोय," मी म्हणालो, "सात वाजता शेंडीहून फोन करू म्हणून." तशी तिची कळी खुलली. पण गड सोडवेना! तरीही वेळेत उतरलो. सातला फोन लावला. पहिल्याच घंटीला ताईनं उचलला.

तेव्हा दोस्तांनो, डोंगरात जाताना वाट आणि परतीची वेळ घरी सांगा. आणि ती पाळाही!