बोदलकशाच्या वाटेवर बाकाबाई

नागपूर स्टेशनातून गोंदियाची गाडी सुटली, की सीताबर्डीचा किल्ला मागे पडतो आणि थोड्याच वेळात कामठी येते. १८५७ ची नागपूरची गोष्ट एवढ्याच पट्ट्यात घडली आणि इथेच संपली. टाकळीच्या छावणीतल्या अनियमित घोडदळाने १३ जूनच्या मध्यरात्री उठायचं ठरवलं होतं. खूण ठरली होती ती शहरातून आकाशात सोडायच्या पेटत्या फुग्यांची. पायदळाला उठवायला जो स्वार गेला, त्याला पायदळानेच धरून ठेवलं. फुगे उडालेच नाहीत. कामठीहून मद्रासी पलटणी आल्या, आणि घोडदळातले काही देशी अधिकारी व शहरातले दोन वजनदार मुसलमान किल्ल्याच्या तटावर फासावर गेले.

मेरठचे स्वार ११ मे रोजी दिल्लीत शिरले तेव्हा त्यांना नको-नको म्हणणारा का होईना, एक बादशहा सापडला. नागपुरात त्यांच्या जातभाईंना तेवढंही मिळालं नाही. गादीच उरली नव्हती. नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, वारस मान्य झाला नाही, आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं. राजवाड्यातले दागिने, हत्ती, घोडे लिलावात निघाले. उरल्या होत्या दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध विधवा बाकाबाई. घराण्याचं नाव घेऊन उठायचं, तर नजर त्यांच्याकडेच जाणार. त्यांनी नाव दिलं नाही. उलट सगळं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं, आणि मराठी मुलूख बराचसा शांत राहिला.

तुमसर रोड गेलं, वैनगंगेचा पूल खडखडत ओलांडला, मुंडीकोटा मागे पडलं. धान कापून झालेलं. रिकाम्या बांध्यांच्या कडेला पुंजणे उभे होते. तिरोड्याला उतरून जीप केली. चालक बोलका.

“कामठ्यालेबी जायचं आहे,” मी त्याच्याच बोलीत म्हणून पाहिलं.

“कामठा त गोंदियाच्या पल्याड आहे जी! आज बोदलकसा पाहून घ्या, मंग उद्या पाहू.”

रस्ता नागझिऱ्याच्या जंगलाच्या अंगाने डोंगरांकडे सरकतो. बोदलकसा म्हणजे टेकड्यांच्या कुशीत मातीचा बांध घालून अडवलेलं पाणी. हे काम १९१७ चं, म्हणजे बाकाबाईंच्या नंतर कितीतरी वर्षांचं. बांधावर वारा होता. दूर पाण्यावर बदकांची काळी रांग, काठाला ढिवरांचे डोंगे. पर्यटनाच्या फलकावर लिहिलेलं सगळं खरं आहे. जागा सुंदरच आहे. माझं डोकं मात्र म्हातारीपाशी अडकलं होतं.

फितूर म्हणून मोकळं व्हायला सोपं आहे. पण बाईंनी १८१७ पाहिलं होतं. तेव्हा गादीवर आप्पासाहेब होते. इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली. ती आपल्या इच्छेविरुद्ध झाली, असं ते सांगू लागले. १६ डिसेंबरला ते स्वतः रेसिडेंट जेंकिन्सकडे जाऊन बसले, तरी त्यांची फौज लढलीच. अरब शिपाई तर त्यानंतरही राजवाडा आणि शहर धरून बसले. इंग्रजांचा हल्ला त्यांनी २४ तारखेला परतवला आणि ३० ला अटी ठरवूनच ते बाहेर पडले. शिपाई राजापेक्षा जास्त राजनिष्ठ निघाले की राजाच त्यांना नकोसा झाला होता, हे ठरवणं अवघड. पुढे आप्पासाहेब कैदेत पडले, पहारेकऱ्यांना फोडून शिपायाच्याच वेषात पळाले, आणि १८४० मध्ये जोधपुरात वारले. मागे नागपुरात मुलीच्या पोटचा नातू, तिसरा रघूजी, गादीवर बसवून त्याचा कारभार सांभाळला तो बाकाबाईंनी. शिपायांनी चालवलेली लढाई घराण्याला किती महाग पडते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शिवाय आता, १८५७ मध्ये, तिसऱ्या रघूजींच्या मागे दत्तक घेतलेल्या जानोजीचं भवितव्य इंग्रजांच्या मर्जीवर होतं. मला त्यांचा निर्णय पटत नाही. तटावर लटकलेल्यांची बाजू माझी. पण त्यामागचा हिशेब कळतो.

दुसऱ्या दिवशी गोंदिया ओलांडून कामठ्याला निघालो. इथला जमीनदार चिमणा पटेल १८१८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला होता. कॅप्टन गॉर्डनने तो उठाव मोडला, तेव्हा नागपूरच्या गादीवर राजा नावाचं जेमतेम दहा वर्षांचं पोर होतं.