पिवळी कॅसेट

आज तारापूरच्या घराचा माळा आवरताना व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट हाती लागली. स्टिकर अर्धा उडालाय, पण '९९९९ इन १' अजून वाचता येतं. नव्वदच्या दशकात बाबांनी ती बोईसरच्या बाजारातून आणली होती. पानांमागून पानं यादी सरकायची, पण खरे गेम वीसेक. बाकी तेच, नावं बदलून. हे कळलं त्या संध्याकाळी मी खूप रडलो होतो.

त्यातला सगळ्यात वाईट गेम 'अर्बन चॅम्पियन', निन्टेंडोचा, १९८४चा. रस्त्यावर दोन माणसं, नुसती गुद्दागुद्दी. वरच्या खिडकीतून कुणीतरी कुंडी टाकायचं, हरलेला उघड्या गटारात पडला, की पुन्हा तेच. वर्षभरात याच कंपनीने 'सुपर मारिओ ब्रदर्स' काढला, हे मला अजून खरं वाटत नाही.

अमेरिकेत अटारी कंपनीचा 'ई.टी.' सर्वांत वाईट गेम म्हणून बदनाम. १९८३ मध्ये त्याच्या न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोत जमिनीत पुरल्या, २०१४ मध्ये त्यातल्या काही उकरून काढल्या. आमच्याकडे कॅसेटच एक, त्यामुळे वाईट गेमही मन लावून खेळलो.

खाऱ्या हवेने तिच्या सोनेरी पट्ट्या काळवंडायच्या. दादा त्यांवर खोडरबर घासायचा, फुंकर मारायचा आणि श्वास रोखून कॅसेट खाली दाबायचा. आज मीही खोडरबर घासला. पट्ट्या चमकल्या. 'अर्बन चॅम्पियन'मध्ये उजवीकडचा माणूस नेहमी दादाचा असायचा. रात्री त्याला फोन करतो.