सहकुटुंब

आमच्या घरी पंचकुल्याला मराठी वृत्तपत्र टपालाने येई, तीन दिवसांचे शिळे होऊन. त्यातल्या चित्रपटांच्या जाहिरातींत 'सहकुटुंब सहपरिवार पाहावा असा' हे शब्द वाचायचे आणि मनानेच चित्रगृहात जाऊन बसायचे, एवढाच आमचा मराठी चित्रपटांशी संबंध. वडील पिंजोरच्या एच.एम.टी.च्या कारखान्यात होते. आसपास मराठी घरे बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपटांत मराठीची पाळी आली, की घराला सणाची कळा येत असे.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातला असाच एक रविवार. जब्बार पटेल यांचा १९८२ सालचा 'उंबरठा' लागला होता. स्मिता पाटील यांनी रंगवलेली सुलभा महाजन महिलाश्रमाची अधीक्षक होऊन जाते, आणि पुढे त्या आश्रमातल्या दोन स्त्रियांच्या परस्परसंबंधाचा प्रसंग येतो. शेजारच्या आंटीजी आमच्याबरोबर बसल्या होत्या. त्यांना मराठी कळत नव्हते आणि पडद्याखालची इंग्रजी अक्षरे वाचता येत नव्हती. आई वाक्यावाक्याला त्यांना हिंदीत सांगत होती. या प्रसंगापाशी ती थांबली. "क्या हुआ, बहनजी?" आंटीजींनी विचारले. "कुछ नहीं, दोनों में झगड़ा हो गया है," असे म्हणून आई चहा टाकायला उठली.

पुढे साहित्याची विद्यार्थिनी म्हणून भाषांतरमीमांसा पुष्कळ वाचली, पण इतके स्वैर भाषांतर पुन्हा पाहण्यात आले नाही. अर्थात आईला मी दोष देत नाही. त्या गोष्टीसाठी तिच्यापाशी शब्दच नव्हता. शिव्या होत्या; त्या तिने वापरल्या नाहीत.

तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ सालीच रंगभूमीवर आले होते. परंतु नाटकाला माणूस ठरवून जातो, तिकीट काढून अंधारात बसतो. दूरचित्रवाणी घरात येते. तिच्यापुढे सारे कुटुंब उजेडात बसलेले असते, आणि कोण हसले, कोण उठून गेले, हे ज्याला पाहायचे असते त्याला अचूक दिसते. माझा धाकटा भाऊ ते पाहत आला होता, हे मला फार उशिरा कळले.

'कल हो ना हो' (२००३) आम्ही घरी सर्वांनी मिळून पाहिला. दोन तरुणांना एकत्र पाहून घरातल्या कांताबेनला भलताच संशय येतो आणि दर वेळी तिची भंबेरी उडते. वास्तविक त्या दोघांत समलिंगी कोणीच नाही; नुसत्या संशयावर देश हसत होता. आम्हीही हसलो. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. भाऊ माझ्याहून मोठ्याने हसत होता, आणि आज त्या दुपारचे तेवढेच मला स्पष्ट आठवते.

२०१० साली अलीगढच्या प्रा. सिरस यांची बातमी आली. मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारा, 'पायाखालची हिरवळ' लिहिणारा हा कवी. त्याच्या खोलीत माणसे शिरली, चित्रण झाले, निलंबन झाले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला त्याच्या बाजूने आदेश दिला, आणि ७ एप्रिलला तो मृतावस्थेत आढळला. वडिलांनी बातमी दोनदा वाचली. "मराठी शिकवायला इतक्या लांब आला होता बिचारा," एवढेच बोलून त्यांनी कागदाची घडी केली. भाऊ समोर बसला होता. आपण बाबांना सांगू शकू असे त्याला प्रथम त्या क्षणी वाटले, असे तो मला पुढे म्हणाला. पण वडील २०१४ साली गेले आणि सांगणे राहिले.

मला त्याने सांगितले ते २०१६ साली, 'कपूर अँड सन्स' पाहून परतताना. त्यातला थोरला मुलगा घरात आदर्श गणला जातो, आणि आईला एके दिवशी त्याच्याविषयी कळते. "ताई, तू आज हसली नाहीस," तो म्हणाला. त्या चित्रपटात हसण्याजोगे तसे काही नव्हतेच, हे मी त्याला सांगितले नाही. त्याच वर्षी आलेल्या 'अलीगढ'मध्ये मनोज वाजपेयींचे सिरस लताबाईंची जुनी गाणी ऐकत एकटेच बसतात. तो चित्रपट आम्ही दोघांनी दार लावून पाहिला. असल्या चित्रपटांविषयी माझी एक तक्रार मात्र आहे. त्यांत या माणसाला गुपित फुटण्याखेरीज दुसरे काम नसते. घरात तो गॅसचा सिलिंडर बदलतो, आईच्या पेन्शनच्या कागदांवर सह्या घेतो, आमटी खारट झाली म्हणून कुरकुरतो. ते पडद्यावर येत नाही.

रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'मध्ये ते येते. सनडान्स महोत्सवात २०२५ साली पारितोषिक मिळवलेला हा मराठी चित्रपट. बापाच्या मृत्यूनंतर आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. विधी, भावकी, लग्नाचा धोशा, आणि बालपणीचा मित्र. आई आधीपासूनच सारे जाणून आहे.

सप्टेंबरमध्ये पुण्याला तो आम्ही चौघांनी पाहिला: आई, मी, भाऊ आणि त्याचा अंबाल्याचा सोबती. त्या गृहस्थांना मराठी येत नाही, आणि चष्मा ते मुक्कामी विसरून आले होते. आई त्यांच्या शेजारी बसली होती. मित्र रानात भेटतात त्या प्रसंगी तिने मान कलती केली आणि आपल्या पंचकुल्याच्या हिंदीत त्यांच्या कानाशी काहीतरी सांगू लागली. बराच वेळ सांगत होती. मी कान दिला, पण नीट ऐकू आले नाही. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी मागे वळून तिला गप्प केले.